रुग्णवाहिकेतला पांढरा ॲप्रन

मी एक जुना पांढरा ॲप्रन आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, दवाखान्यातला. मित्रांनो, सांगलीतल्या एका शिंप्याने मला प्रांजल सिस्टरांच्या मापाने शिवले. त्या अतिदक्षता विभागात तयार झालेल्या परिचारिका. एका खाजगी रुग्णवाहिकेवर त्या काम करत. त्या गाडीत श्वास देणारे यंत्र होते.

ते दिवस सुखाचे होते. गाडी विट्याहून निघो की पाचगणीहून, सिस्टरांचा एक हात रुग्णाच्या मनगटावर असे. त्या छातीकडे बघत, मग यंत्रावरच्या आकड्यांकडे, मग पुन्हा छातीकडे. उतरताना नातेवाईक हात जोडत. मला वाटे, ते मलाच जोडताहेत.

पुढे मालकांनी दुसरी गाडी घेतली. नर्स मात्र एकच राहिली.

"यंत्रावरचा रुग्ण असेल तर ते यंत्र कळणारं माणूस गाडीत पाहिजेच," सिस्टर म्हणाल्या.

"लोकांना पांढरं दिसलं की झालं," मालक म्हणाले.

सिस्टरांनी त्याच दिवशी काम सोडले. माझ्या खिशावर गाडीचे नाव छापलेले, म्हणून मी खुंटीवरच राहिलो.

दुसऱ्या सकाळी मला नाथाजीने अंगात घातले. नाथाजी स्ट्रेचर उचलणारा गडी. माणूस भला, पण खांदे रुंद. माझी बटणे लागेनात. मला तेव्हाच संशय आला. त्याचा हात कधी रुग्णाच्या मनगटाकडे गेला नाही. तो खिडकीबाहेर बघत बसे आणि माझ्या काखा घामाने भिजत. लोक मात्र मला बघून निर्धास्त होत, याचीच मला भीती वाटे.

एका दुपारी विट्याच्या लहान दवाखान्यातून दादासो नावाचा मेंढपाळ मिरजेला न्यायचा होता. न्यूमोनियाने त्याचा श्वास यंत्रावर आलेला. सोबत त्याची बायको हरणाबाई. जन्मभर मेंढरे राखलेली ही बाई आजारी जनावराची कूस हलते की नाही, ते लांबून ओळखे. निघाल्यापासून ती नाथाजीकडेच बघत होती.

"आवं डाक्टर, तुमी नाडी बघत न्हाई?"

"मशिन बघतंय की, मावशी."

तिची नजर माझ्या उघड्या बटणांवर आली. "ह्यो कोट तुमचाच हाय का?"

नाथाजी खिडकीबाहेर बघू लागला.

तासगाव जवळ आले, तेव्हा गाडी एका गतिरोधकावर आदळली आणि यंत्र वाजू लागले. नाथाजीने बटण दाबून आवाज बंद केला. त्या यंत्रातले त्याला तेवढेच ठाऊक होते.

"गप का केलं त्याला?" हरणाबाईने विचारले. "ह्यांची छाती आदीसारकी हालंना. खरं सांगा, तुमाला ह्यातलं कळतं का?"

आता हा पुन्हा खोटे बोलणार, असे मला वाटले. पण नाथाजीने मला अंगातून ओढून काढले. खांद्याची शिवण उसवली.

"न्हाई मावशी. मी निस्तं स्ट्रेचर उचलतो."

ती ओरडली नाही. "मग ज्याला कळतं त्याला इचार. बिगीनं."

त्याने प्रांजल सिस्टरांना फोन लावला आणि सगळे सांगितले.

"नळी तोंडापाशी धर, ओढू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "तिथनं बोटं फिरवत यंत्राकडं जा. हवा कुठं लागतीय?"

नाथाजीची बोटे नळीवरून सरकत गेली. एका सांध्यापाशी ती थांबली. "हितं लागतीया, ताई."

"सांधा सैल झालाय. घट्ट बसव."

दादासोची छाती वर आली. हरणाबाईने तिच्यावर तळवा ठेवला आणि तो उचललाच नाही.

"आता तासगावातच थांबा," सिस्टर म्हणाल्या. "शिकलेली नर्स चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

नाथाजीने चालकाला तसेच करायला लावले. तासगावच्या दवाखान्यातली एक नर्स गाडीत चढली. चढताच तिने दादासोचे मनगट धरले. मी जमिनीवर पडलो होतो, तरी मला बरे वाटले.

दादासो तीन आठवड्यांनी पायांनी चालत घरी गेला. मग हरणाबाईने आरोग्य खात्याच्या कचेरीत तक्रार केली. नाथाजीने सही करून खरा जबाब दिला आणि मलाही तिथल्या साहेबांच्या हवाली केले. त्याचे काम गेले. आता तो तासगावात बेदाणे निवडतो. मी त्याच कचेरीच्या कपाटात, कागदी पाकिटात पडून आहे. चौकशी चालू आहे म्हणतात.

परवा कपाट उघडले, तेव्हा कानावर आले की मालकांच्या दोन्ही गाड्या धावताहेत आणि खुंटीवर नवा ॲप्रन आलाय. तो कुणाच्या अंगात आहे, कोण जाणे. मित्रांनो, घरचे माणूस कधी अशा गाडीत चढवावे लागले, तर दार लागण्याआधी पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाव विचारा, काय शिकलात ते विचारा, हे यंत्र कसे चालते ते विचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. प्रांजल सिस्टरांना कधीच आला नव्हता.