काळीची जागा

तलासरी नाक्याच्या अलीकडे, हायवेला लागून, मनिषची पत्र्याची शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पोचे हौदे, गेटाची बिजागरं, जे जे मोडतं ते तिथे येतं. यंदा माघात बोर्डीहून धोंडूशेठांची डॉज पिकअप आली, तीही एका टेम्पोच्या मागे दोराला बांधून. छप्पन सालची गाडी. धोंडूशेठ जाऊन अकरा वर्षं झाली आणि तितकीच वर्षं गाडी चिकूच्या वाडीत नारळाच्या झावळ्यांखाली उभी होती. कोंबड्यांनी तिच्यात तीन-चार पिढ्या काढल्या होत्या.

आता शेठांच्या मुलाला, मुंबईच्या प्रितेशला, वडिलांची आठवण आली होती. जुन्या गाड्यांच्या कौतुकाचे व्हिडिओ पाहून वडिलांची आठवण येणाऱ्यांपैकी तो होता. त्याने फोनवर सांगितलं, "मनिष, सगळं ओरिजिनल पाहिजे. कंपनीतून निघाली तशी." आणि कंपनीच्या जुन्या पुस्तकातले फोटो पाठवले.

दोन दिवसांनी त्याची आई रिक्षा करून स्वतः आली. कुसुमबाई पंचाहत्तरीच्या, अंगाने भरलेल्या, गुडघ्यांनी हरलेल्या. शेडमधल्या एकुलत्या खुर्चीवर बसून त्यांनी आपलं सांगितलं. "चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला ह्याच गाडीतनं जायचं. मी आणि काळी. पूर्वी जायचो तसंच. बाकी प्रितेश म्हणेल ते कर, पण काळीची जागा तशीच ठेव हां."

मनिष "बरं" म्हणाला. हो म्हणाला नाही. ह्या दोन शब्दांतला फरक कुसुमबाईंच्या लक्षात आला नाही, कारण मनिषच्या घराण्यातून त्यांना आजवर दोन्ही एकाच आवाजात ऐकू आले होते.

काळी म्हणजे मनिषची आई. सायवनची वारलीण, लग्न होऊन आली ती शेठांच्या वाडीवर, आणि पस्तीस वर्षं कुसुमबाईंच्या घरात राबली. आणि काळीची जागा म्हणजे केबिनच्या तळातला खड्डा. धोंडूशेठ गाडी चालवायचे, कुसुमबाई खिडकीशी बसायच्या, आणि त्यांच्या पायांपुढे शेठांनी तळाचा पत्रा कापून वीतभर खोल पेटी बसवून घेतली होती. त्या पेटीत काळी. मांडीवर देवीच्या ओटीची टोपली.

शेठांच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची होती. "बाकीचे मजूर मागे हौद्यात, पण आमच्या काळीला पुढे, केबिनमध्ये. ह्यांनी खास जागा करून घेतली." पाड्यावरही ती तशीच सांगितली जायची. शुक्री, नवशी आणि दुसऱ्या बाया काळीचा हेवा करायच्या. धुळीत नाही, उन्हात नाही, केबिनमध्ये बसते बाई. लहानपणी मनिषनेही छाती काढून ती पोरांना सांगितली होती. एकच रक्कम कोणी जमेला धरतो, कोणी नावे टाकतो. मनिष उंबरगावच्या कारखान्यात वेल्डिंग शिकायला गेला, तिथे सुपरवायझरच्या शेजारी बाकावर बसून जेवला, आणि त्या वर्षी ती रक्कम त्याने मुकाट्याने पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. तेव्हापासून तिथेच होती.

त्याने रबराची चटई ओढून काढली तेव्हा खाली पत्रा उरलाच नव्हता. गंजाच्या पापडाला बोट लावलं की ते आरपार जात होतं. पेटी मात्र निम्मी शाबूत होती. तिच्या कडेला चारही बाजूंनी सायकलची ट्यूब कापून बसवलेली, कड टोचू नये म्हणून. हे काम गॅरेजवाल्याचं नव्हतं. टाके सुतळीचे आणि वाकडे होते. शेठांनी स्वतः घातलेले. मनिष बराच वेळ त्या टाक्यांकडे बघत बसला. माणसाने इतकं जपावं आणि जपून खाली बसवावं, ह्याचा हिशोब त्याला लागेना. मग त्याने ग्राइंडर सुरू केला आणि पेटी कापून काढली.

ठरलं ते ठरलं होतं: आपली आई पुन्हा तिथे बसणार नाही. निदान आपल्या हाताने जोडलेल्या पत्र्यावर तर नाहीच. दोन धन्यांनी दोन हुकूम दिले होते, तेव्हा सोयीचा धनी निवडायची मुभा होती. कंपनीच्या पुस्तकात तळ सपाट होता. मनिषने सोळा गेजचा पत्रा आणला, पुस्तकाबरहुकूम पन्हळी काढल्या, दोन्ही बाजूंनी प्रायमर मारला आणि तळ सपाट करून टाकला. सीटही नवी केली, जाड फोमची.

घरी सांगायचं मात्र राहिलं. काळीच एक दिवस डबा घेऊन शेडवर आली. केबिनचं दार उघडून तिने आत डोकावलं आणि विचारलं, "माझी जागा कुठाय?"

"वर. सीटवर."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? आये, पस्तीस वर्षं तू त्यांच्या पायाशी बसलीस."

काळीने डबा बॉनेटवर ठेवला. "मला गाडी लागते. वर बसलं, बाहेर बघितलं की उलटी येते. मीच शेठला म्हटलेलं, मला खाली बसवा."

"तू म्हटलेलंस?"

"मग कोण म्हणणार? शेठ काय माझ्या पोटातलं ओळखायचे?"

"सायवनच्या एसटीत तर तुला कधी लागली नाही."

"एसटीचं वेगळं," काळी म्हणाली. "ती सरकारची."

ह्यावर मनिषला हसू आलं, आणि मग त्याची नजर भंगाराच्या ढिगातल्या पेटीवर गेली. आईने हे खरोखर म्हटलं असेल तर आपण तिचीच मागणी कापून भंगारात टाकली. आणि म्हटलं नसेल, तर ही गोष्ट तिने कोणासाठी रचली? शेठांसाठी, की आपल्यासाठी, की स्वतःला दर वेळी तिथे बसता यावं म्हणून? विचारायची सोय नव्हती. काळीने डबा उघडून पुढे सरकवला होता, आणि तिच्या घरात तो विषय बंद झाल्याचा इशारा होता.

चैत्रात, जत्रेच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी मनिष आईला घेऊन बोर्डीला गेला. चालवणार तोच होता. प्रितेशला मीटिंग होती आणि तसाही त्या गाडीचा गिअर मुंबईच्या हाताला ऐकत नव्हता. कुसुमबाई नव्या साडीत ओट्यावर तयार. त्यांनी दाराशी येऊन आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मनिष, काय सांगितलं होतं तुला?"

"प्रितेशभाई म्हणाले ओरिजिनल पाहिजे."

"गाडी प्रितेशच्या बापाची आहे, प्रितेशची नाही." त्या काळीकडे वळल्या. "आता ही बसणार कुठे?"

मनिषने हीच घडी दोन महिने मनात घोळवली होती. सरळ बोलायचं, "शेठाणी, ती तुमच्या शेजारी बसेल," एवढं एकच वाक्य. ते ओठांवर आलं, पण त्याआधी कुसुमबाईंनीच कपाळाला आठी घातली. "हिला तर गाडी लागते बाई. मध्ये बसवली तर माझी साडी गेली. काळे, तू खिडकीशी बस. मी मध्ये बसते."

अशी काळी खिडकीशी बसली. ज्या कारणाने ती पस्तीस वर्षं खाली होती, त्याच कारणाने वर आली, आणि कोणालाही काही बोलावं लागलं नाही. मनिषचं वाक्य तोंडातच राहिलं. कुसुमबाई गिअरच्या दांड्याला गुडघा चुकवत मध्ये बसल्या आणि दुसरा गिअर पडला की दर वेळी "अगं आई" म्हणत राहिल्या.

बोर्डी सुटली. काळीने ओटीची टोपली घट्ट धरली आणि डोळे मिटले. मनिष तिच्याकडे तिरप्या नजरेने बघत होता. उलटी येईल म्हणून त्याने प्लॅस्टिकची पिशवी डॅशबोर्डवर काढून ठेवली होती. थोड्या वेळाने गाडीला एक मोठा गचका बसला. काळी डोळे मिटूनच म्हणाली, "घोलवड."

"बरोबर," कुसुमबाई म्हणाल्या.

पुढे गाडी डावीकडे कलली आणि सावरली. "चिखल्याचं वळण," काळी म्हणाली. मग चाकांखालचा आवाज पोकळ झाला. "नरपडची मोरी आली."

"पाठच आहे गं तुला."

"पाठीला पाठ आहे," काळी म्हणाली आणि मग तिने डोळे उघडले.

ती खिडकीबाहेर बघू लागली. सुरूची झाडं मागे जात होती. झाडांच्या फटीतून समुद्र दिसत होता, ओहोटीचा, मळकट, लांबवर गेलेला.

"हे काय?" तिने विचारलं.

"नरपड. आत्ताच नाही का म्हणालीस?"

"नरपड असं आहे?"

कुसुमबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "असंच आहे. आणखी कसं असणार?"

"मला वाटायचं इथे अंधार असतो," काळी म्हणाली. "झाडी असेल म्हणायची मी."

मनिषने पिशवी डॅशबोर्डवरून काढून खिशात कोंबली. डहाणू आलं, बाजार आला, आणि काळी प्रत्येक गोष्टीकडे मान वळवून वळवून बघत राहिली. एकदाही तिला मळमळलं नाही. ही गोष्ट तिघांच्याही ध्यानात आली, आणि तिघांपैकी कोणीही ती उच्चारली नाही.

आशागडला कुसुमबाई म्हणाल्या, "थांबव रे जरा. पायाला मुंग्या आल्यात."

मनिषने रस्त्याकडेच्या सावलीत गाडी लावली, वळसा घालून काळीच्या बाजूचं दार उघडलं, आणि त्याला आपली चूक दिसली. आईचे पाय तळाला टेकत नव्हते. नवी सीट उंच, तळ खाली, आणि आई मुळातच बुटकी. तासभर तिची पावलं हवेत लोंबत होती. घोटे सुजले होते. आईने कुठे बसू नये एवढाच विचार त्याने केला होता. ती कशी बसेल हे त्याने मापलंच नव्हतं.

"आये, बोलायचं ना."

"काय बोलायचं? बघत होते ना मी."

मनिषने खिशातून टेप काढली, गुडघे टेकून रस्त्यावर बसला आणि टाचेपासून पत्र्यापर्यंत माप घेतलं. सहा इंच दोन सूत. "ह्या बाजूने तळ वर उचलतो," तो म्हणाला. "पक्का चौथरा. चौकोनी पाइपाची फ्रेम, वर पत्रा."

"प्रितेश ओरडेल," कुसुमबाई म्हणाल्या. "ओरिजिनल राहणार नाही म्हणेल." मग थोडं थांबून त्या पुटपुटल्या, "पण करणारच असलास तर पूर्ण रुंदीभर कर. माझेही टेकत नाहीत."

"मग पूर्वी कसे टेकायचे?" मनिषने विचारलं. खरंच मापासाठी विचारलं त्याने. जुनी सीट किती उंच होती ते त्याला हवं होतं.

उत्तर काळीने दिलं. रागाने नाही, टोचून नाही, कोणी वाट विचारावी आणि आपण सांगावी तसं. "माझ्या मांडीवर असायचे त्यांचे. टोपलीच्या बाजूला."

रस्त्यावरून जत्रेला निघालेला एक टेम्पो गेला, माणसांनी भरलेला. कुसुमबाई समोरच्या काचेतून त्याच्याकडे बघत राहिल्या, तो दिसेनासा झाला तरी. मग त्यांनी आपले पाय एकमेकांजवळ घेतले आणि साडी खाली ओढली, जणू ते कोणाला दिसू नयेत.

मनिष वाकला आणि त्यांचंही माप घेतलं. पाच इंच.

"पाचच धर," कुसुमबाई हळूच म्हणाल्या. "सहा केलंस तर माझे गुडघे वर येतील. दुखतात रे."

काळी म्हणाली, "पाच धर. मला चालेल."

मनिषने कानामागचा खडू काढला, दाराच्या आतल्या बाजूला प्रायमरवर आईचं माप, सहा इंच दोन सूत, लिहिलं, त्याखाली एक रेघ मारली आणि गाडी सुरू करायला पलीकडे गेला.