यादीत नसलेला झोपाळा

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बागेतल्या माळ्याच्या खोलीमागे पडलेली फळी पाहून मला कोण ओळखणार?

अहमदाबादच्या जुन्या भागात दमयंतीबेननी चाळीस वर्षं माझ्या सागवानी पाटावर बसून भाज्या निवडल्या. यजमान गेले, घर विकलं, आणि बेन नीलकुंज सोसायटीत राहायला आल्या. समोरच उकिरडा होता. बेननी एकटीनं फावडं उचललं. लोक आधी हसले, मग लाजले, मग मदतीला आले. घराघरातून बादलीभर पाणी येऊ लागलं. कडुनिंब वाढले, बाग झाली, आणि बेननी मला बागेला देऊन टाकलं.

झोपाळा दिसला आणि गुजराती माणूस उभाच राहिला, असं कधी होतं का? सकाळी म्हातारे, दुपारी शाळेतून परतणाऱ्या पोरी, संध्याकाळी बायका. मला दम खायला सवड नव्हती. खरं सांगतो, मी फार सुखात होतो.

मग पालिकेनं बाग नवी करायचं ठरवलं. काय हवं ते रहिवाशांनीच सांगावं, म्हणून एक अधिकारी बाई कागद घेऊन आल्या. माझ्यावर दमयंतीबेन आणि शेजारचे रसिकभाई बसले, बाकीचे भोवती. गाठिया आल्या, चहा आला.

"कारंजं लिहा," कुणीतरी म्हणालं.

"व्यायामाची यंत्रं लिहा," बेन म्हणाल्या. "रसिकभाईंची ढेरी तरी आत जाईल!"

"आधी त्या गाठिया इकडे सरकवा, बेन. ढेरीचं मग बघू."

"अजून काही राहिलं का?" बाईंनी विचारलं.

रसिकभाईंनी पायानं जमिनीला रेटा दिला. मी झुललो. सगळ्यांनी बागेवर नजर फिरवली.

"नाही हो, सगळं आलं," बेन म्हणाल्या, आणि त्यांनी यादीवर सही केली.

बाग नवी झाली. कारंजं उडालं, टाळ्या पडल्या. दमयंतीबेन बसायला म्हणून माझ्या जागेकडे आल्या आणि थबकल्या. "आमचा झोपाळा कुठंय?"

अधिकारी बाईंनी कागद पुढे केला. "बेन, यादीत नव्हता. सही तुमचीच आहे."

"अहो, जे आहेच ते कोण मागतं?" बेनचा आवाज चिरकला.

त्या दिवशी बेन मला शोधत माळ्याच्या खोलीमागे आल्या. साखळ्या काढून मला तिथं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यांनी मला जमिनीवर आडवं केलं, पदरानं पुसलं आणि माझ्यावर बसल्या. सवयीनं पायानं रेटाही दिला. मी हललो नाही. बेन तशाच बसून रडल्या. पुन्हा काही त्या इकडे फिरकल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या बागेत काय हवं, असं तुम्हालाही कुणीतरी विचारेल. तेव्हा कारंजं जरूर मागा. पण ज्याच्यावर बसून यादी करता आहात, त्याचं नाव सर्वांत आधी लिहा.