कोरा चेहरा

शिरढोणच्या सखूबाई नातीला घेऊन येणार होत्या, म्हणून जेवण उरकताच वेणूने खोल्यांचं कुलूप काढलं. वडाळे तलावामागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर या दोन खोल्या तिच्या आईने भाड्याने घेतल्या, तेव्हा वेणू शाळेत होती. बाहेरची खोली उजेडाची, आतली अंधाराची, आणि मधल्या भिंतीत एक मोठी काच. उजेडाकडून पाहिलं तर तो आरसा, अंधाराकडून पाहिलं तर खिडकी. आईचं, सुनीताबाईंचं, सगळं आयुष्य त्या खिडकीमागे बसून गेलं. तान्ही मुलं समोरच्या माणसाचा चेहरा कशी वाचतात, हे त्या पाहत असत.

आईला जाऊन दीड महिना झाला होता. फॅनवर, खेळण्यांच्या टोपलीवर, बाळाच्या खुर्चीच्या पट्ट्यांवर बारीक धूळ बसली होती. वेणूने ओल्या फडक्याने सगळं पुसलं.

आईच्या अभ्यासाची जातच लांब पल्ल्याची. मूल एकदा पाहिलं आणि सोडून दिलं, असं नाही. त्याच मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा भेटायचं, पार ती मोठी होऊन आपली मुलं घेऊन येईपर्यंत. सखूबाईंची दिपिका तान्ही असताना याच खुर्चीत बसली होती. आता ती बाळंतपणाला आलेली अजून माहेरीच होती, आणि तिची लेक सात महिन्यांची झालेली. यादीतलं हे शेवटचं बाळ. "पुढे ढकलू या का, ताई?" असं दिपिकाने फोनवर विचारलंही होतं. वेणू कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, कित्येक वर्षं आईची दुसरी निरीक्षक म्हणून काम करायची. तिला ठाऊक होतं, सातव्या महिन्यातलं मूल कुणाच्या दुखवट्यासाठी थांबत नाही.

दुसरंही एक कारण होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटची दोन वर्षं आईला कंपवाताने धरलं. हात थरथरले ते थोडेच. आधी गेला तो चेहरा. गाल, भुवया, ओठ सगळं हळूहळू थिजत गेलं. डॉक्टर त्याला मुखवटा म्हणत. शेवटच्या महिन्यात बोलणंही थांबलं. वेणू पलंगाशी बसून कॉलेजातल्या गमती सांगायची, पेपर वाचून दाखवायची, एकदोनदा चिडून ओरडलीही. समोर कोरी पाटी. "ती ऐकतेय का? आत आहे का?" तिने डॉक्टरांना विचारलं. "चेहऱ्यावरून काहीच सांगता येणार नाही," ते म्हणाले. आईने पहाटे प्राण सोडला तेव्हाही त्या चेहऱ्यात काही बदललं नाही. त्यामुळे आई त्या पहाटे गेली की त्याआधीच केव्हातरी निघून गेली होती आणि आपण महिनाभर रिकाम्या घराशी बोलत होतो, हे वेणूला कळत नव्हतं. कळल्याशिवाय तिला धड रडताही येत नव्हतं. कोऱ्या चेहऱ्यापुढचं बाळ पुन्हा एकदा पाहिलं तर काही उमगेल, अशी तिला आशा होती.

रिक्षा थांबली. आधी सखूबाईंचा आवाज आत आला, मग सखूबाई.

"काय गं वेणू, किती वाळलीस! जेवतेस का नाय?"

"जेवते, मावशी. या."

सखूबाई उंबऱ्यातच थांबल्या आणि त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली. "मॅडमचा फोटो नाय लावला? बरा केलास. हार घातलेल्या मॅडम मना बघवल्या नसत्या."

दिपिका लेकीला कडेवर घेऊन मागून आली. बाळ गुटगुटीत, कपाळावर काजळाचा ठसठशीत टिळा. घरात तिला सगळे बायो म्हणत.

"पडदा नीट हाय ना?" सखूबाई काचेकडे गेल्या. "बायोला अजून दात नाय आला."

दात येईपर्यंत बाळाला आरसा दाखवायचा नाही, हा इथल्या गावांचा नेम. दिपिकाच्या वेळी सखूबाई याच काचेपुढून तडक उठून चालल्या होत्या. तेव्हा आईने वाद घातला नाही. बाजारातून फुलाफुलांचं कापड आणून काचभर पडदा शिवला आणि आपल्या खुर्चीसमोर तेवढी चार बोटांची फट ठेवली. बाहेरच्या पाहुण्या संशोधकांनी नाकं मुरडली. आई म्हणाली, "तुमच्या पुस्तकात पडदा नसेल, शिरढोणात आहे." तेव्हापासून पडदा होता तो आजवर. दुसऱ्या निरीक्षकासाठी बाळावर कॅमेरा रोखलेला असे आणि त्याचं चित्र अंधाऱ्या खोलीतल्या छोट्या स्क्रीनवर दिसे. वेणू नेहमी तिथेच बसायची.

"दिपे, काय करायचा ते ध्यानात हाय ना?"

"हो गं आये. आधी खेळायचं. काच वाजली की तोंड कोरं करायचं, हसायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. परत वाजली की परत खेळायचं."

"त्यात काय शिकवायचा! माजी सासू तर जलमभर तशीच बसली," सखूबाई म्हणाल्या. "पण ही बया, तान्ही व्हती तवा! मी तोंड कोरा केला, तर अशी रडली, अशी रडली, का मी मॅडमना बोलली, घाला चुलीत तुमचा अभ्यास."

"मग आई काय म्हणाली?" वेणूने विचारलं, जरी तिला ते पाठ होतं.

"बोलल्या, सखूबाई, हे रडणं म्हणजे तिचा तुमच्यावरचा विश्वास हाय. ज्याला उत्तराची आशा नाय, तो पोर रडत नाय."

वेणूने मान खाली घालून बायोच्या खुर्चीचे पट्टे आवळले. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आत दोन खुर्च्या. फटीसमोरची आईची, तिच्यावर चपटी झालेली उशी. वेणू आपल्या खुर्चीत, स्क्रीनपाशी बसली. दिवा बंद होता. आत दिवा लागला तर काचेची जादू संपते, पलीकडून सगळं दिसतं. तिने स्क्रीनचा उजेडही मंद केला.

इथे बसून एक गोष्ट तिने शेकडो वेळा पाहिली होती. बाहेरचं बाळ कोऱ्या चेहऱ्यापुढे रडकुंडीला आलं की अंधारात आई ससा करायची. नाक आकसून वर घ्यायचं, दोनदा फुसफुस श्वास ओढायचा, डोळे मिटायचे आणि एकदम उघडायचे. वेणू लहान असताना तापात पडली की तिच्यासाठी केलेला तोच ससा. "आई, त्याला तू दिसत नाहीस," वेणू हसून म्हणायची. "माहीत आहे," आई म्हणायची. "पण मला तो दिसतो ना."

मायलेकींचं खेळणं थोडा वेळ चालू दिल्यावर वेणूने पेनाच्या टोकाने काच वाजवली.

स्क्रीनवर बायो एकटीच दिसत होती. क्षणभर ती हसरी राहिली, कारण आत्तापर्यंत समोर दिपिका हसत होती. मग काहीतरी तिच्या लक्षात आलं. तिने हसून पाहिलं. "अग्गा," म्हणून पाहिलं. खुर्चीचा दांडा बडवला, दोन्ही हात पुढे केले, थांबली, पुन्हा केले. वेणूने ही पायरी न् पायरी पुस्तकांत वाचली होती, वर्गात शिकवली होती, आणि गेल्या हिवाळ्यात पलंगाशेजारी बसून स्वतः केली होती. बायोचा खालचा ओठ बाहेर आला. आता रडणार.

ती रडली नाही. तिने मान वळवली आणि पडद्याकडे पाहिलं. इकडे तिकडे नाही, थेट फटीकडे.

रस्त्यावरून कळंबोलीकडे जाणारा लोखंडाचा ट्रक गेला असावा. काच किंचित थरथरली आणि थांबली. बायोची नजर हलली नाही. ती काहीतरी लांबलचक बोलली आणि गप्प झाली. ऐकल्यासारखी गप्प. मग पुन्हा बोलली, पुन्हा थांबली. मुलं समोर कुणी असल्याशिवाय असं थांबत नाहीत. एकटं मूल आपलं सलग बडबडतं; पाळी देतं ते फक्त माणसाला.

मग बायोने नाक आकसून वर घेतलं. फुस, फुस. डोळे मिटले. उघडले. आणि खदखदून हसली.

वेणूच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिला शेजारी वळून पाहायचं होतं आणि मान वळत नव्हती. शेवटी वळली, ती दिव्याच्या बटणाकडे. बटण बंद होतं. स्क्रीनचा निळसर उजेड आईच्या खुर्चीच्या पाठीवर पडला होता. उशी होती तशीच होती. तिच्यापलीकडे, फटीतून आलेली उजेडाची बारीक चिरी मागच्या भिंतीवर पडायला हवी होती. ती तिथे नव्हती, मध्येच कुणी अडवल्यासारखी.

बाहेर बायोने पुन्हा ससा केला.

"ताई?" पलीकडून दिपिकाचा दबका आवाज आला, ती बिचारी अजून कोरा चेहरा सांभाळून ओठ न हलवता बोलत होती. "झालं का?"

वेणूने घाईघाईने काच वाजवली. दिपिकाने लेकीला उचलून छातीशी धरलं आणि मुके घेतले. वेणूने पुन्हा मागच्या भिंतीकडे पाहिलं. चिरी आता होती. सरळ, पांढरी.

ती बाहेर आली आणि आईनेच शिकवलेलं काम तिने आधी केलं: दुसरं कारण शोधलं. बायोच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून फटीत पाहिलं. फटीतल्या आरशात समोरच्या भिंतीचा वरचा कोपरा दिसत होता आणि छताचा पंखा. चेहरा नाही, तिचा नाही, कुणाचाच नाही.

"दिपिका, हिला ससा कुणी शिकवला?"

"कसला ससा?"

वेणूने करून दाखवला. दिपिका गोंधळून हसली. "नाही बाई. आमच्याकडे टाळ्या शिकवतात. काऊ दाखवतात. हे कधी नाही केलं."

"आपलं आपण करतात पोरं," सखूबाई म्हणाल्या. पण त्या वेणूकडे पाहत नव्हत्या, पडद्याकडे पाहत होत्या, आणि त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

आपलं आपण करत नाहीत. या वयात समोर कुणीतरी करावं लागतं, मग मूल ते उचलतं.

आणि मग वेणूला ते आठवलं. शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. ती वाचून दाखवता दाखवता दमून गप्प झाली होती, खिडकीबाहेर बघत बसली होती. परत पाहिलं तर आईचं नाक हललं होतं. जेमतेम, एका बाजूने वर गेलं आणि श्वास दोनदा अडखळल्यासारखा झाला. डोळे मिटले, उघडले. वेणूला वाटलं, सर्दी झाली. तिने रुमाल घेतला, आईचं नाक हलक्या हाताने पुसलं, पांघरूण वर ओढलं.

लेक रडकुंडीला आली आहे, हे त्या थिजलेल्या चेहऱ्यामागे बसलेलं कुणीतरी पाहत होतं. आपण तिला दिसत नाही हे माहीत असूनही.

"ताई, बसा जरा," दिपिका म्हणाली. वेणू उभीच होती, पण गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही.

सखूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. निघताना त्यांनी आतल्या बंद दाराकडे वळून, सवयीने, "येतो हां मॅडम," म्हटलं आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकून झपझप रिक्षाकडे गेल्या. बायो दिपिकाच्या खांद्यावर होती. तिचं तोंड मागे, खोलीकडे. रिक्षा वळेपर्यंत ती त्या दाराकडे बघून नाक आकसत होती.

वेणूने बाहेरचं दार लावलं. मग आतल्या खोलीत गेली, स्क्रीन बंद केला आणि अंधारात आपल्या खुर्चीत बसली. या वेळी काचेकडे तोंड करून नाही, शेजारच्या खुर्चीकडे.

डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आपणही कुणाला दिसत नसू, हे तिला माहीत होतं.

तिने नाक आकसून वर घेतलं. दोनदा श्वास ओढला. डोळे मिटले, उघडले.

आणि थांबली. पाळी आता तिची नव्हती.