कोंड्याच्या बदल्यात

"उखर्ड्यावर? माझ्या दवाखान्यातलं पोर उखर्ड्यावर? एक पाऊल तर टाकून बघा!"

मी दारात आडवी उभी राहिले. समोर सुंदरबाई. तिच्या हातातल्या सुपात सकाळीच जन्मलेला नातू. पहूरकडच्या आमच्या एवढ्याशा दवाखान्यात मी, मंदाबाई नर्स, ओरडायला लागले की आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो म्हणतात. सुंदरबाई मात्र जागची हलली नाही.

"बाई, आधीचे दोन्ही महिन्याच्या आत गेले. याले उखर्ड्यावर ठेवल्याबिगर हा राहाचा नई. परक्या बाईनं उचलाचं, मंग आपुन तिच्यापासून इकत घ्याचं. माहा उखर्डू असाच तर वाचला."

"आणि धनुर्वात झाला म्हणजे? ओल्या नाळेचं पोर उकिरड्याच्या शेणकचऱ्यात ठेवता? तुम्ही आजी आहात की वैरीण?"

उखर्डू म्हणजे या बाळाचा बाप, एसटीत कंडक्टर. इतका वेळ तो भिंतीला टेकून उभा होता.

"सिस्टर, काहीही करा, पण याला माझ्यासारखं नाव नको," तो म्हणाला. "शाळेत पोरं विचारायची, कुठल्या ढिगातून उपसलं रे तुला? आजही प्रवासी बिल्ल्यावरचं नाव वाचतात अन् तोंड लपवून हसतात. जन्मभर 'कचरा, कचरा' ऐकत आलो मी."

सुंदरबाई मटकन खाली बसली. सूप मांडीवर घेतलं. आवाज पार उतरला होता.

"कचरा नई रे बापा. तुह्या आधी तीन गेले. मरनाले सांगाचं व्हतं, याच्यात नेन्यासारखं काई नई, तू आपला पुढे जाय. म्हनून ते नाव." सुपातलं फडकं सारखं करत ती म्हणाली, "ठेवलं का आईनं मांगे पाहू नई, असा नेम हाये. मी पाह्यलं. निंबाच्या आडून, हातात काठी घेऊन. कुत्रं आलं तं? नेम मोडला मी. मंग तुले जरा ताप आला का वाटे, माह्या पाह्यन्यानंच आला."

"माय, तू तिथंच होतीस?"

"मंग कुठी जाऊ?"

उखर्डू तिच्याजवळ उकिडवा बसला. एवढा बाप्या माणूस, लहान पोरासारखा रडला. मग शर्टाच्या बाहीनं नाक पुसत हसलाही. माझाही राग कुठच्या कुठे पळाला. पण राग गेला तरी उखर्डा नाही म्हणजे नाही!

"अक्का, दुसरा काही तोडगा असेल की," मी सुंदरबाईला म्हणाले.

"कोंडा देऊन इकत घेतेत. त्या पोराले मंग कोंडू म्हनतेत. पन घेनारी परकी लागते. अन् पोर तिचंच व्हते. आमी नुसतं सांभाळाचं."

आतून खाटेवरून लताबाईचा, बाळाच्या आईचा, थकलेला आवाज आला, "बाई, मंग तुमीच घ्या ना."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. लग्नाला दोन वर्षं होतायत तोच नवरा गेला, मूलबाळ नाही. गावची निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आणि दुसऱ्याच्या पदरात गेली. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, निदान मी तसं दाखवलं नाही. क्वार्टरमध्ये धावत जाऊन चाळणीतला मूठभर कोंडा आणला, सुंदरबाईच्या पदरात घातला. तिनं सूप माझ्या हातात दिलं.

"कोंडूच म्हणा," उखर्डू म्हणाला. "माझ्या पोराला शोभतं."

"तुझं कुठलं? माझं आहे ते!"

सगळे हसले, मीही हसले. पण सूप परत देताना माझी बोटं लगेच सुटेनात.

एक महिना गेला, दुसराही गेला. मी रोज जामनेरकडून येणाऱ्या गाडीकडे बघायची. उखर्डू खिडकीतून हात करून ओरडायचा, "बरा आहे हो!" मग कुठे माझा चहा घशाखाली उतरायचा.

लस टोचायच्या दिवशी मदतीला दुसरी सिस्टर आली होती. रांगेच्या शेवटून सुंदरबाईची हाक आली, "बाई, तुमचं पोर आनलं वो!"

चांगला गुबगुबीत झाला होता. मांड्यांना वळ्या. जीव भांड्यात पडला माझा. आजवर किती पोरांना टोचलं, त्याची गणती नाही. आया रडायला लागल्या की मी खेकसायची, "तुम्हाला टोचतेय का?" आज सुई भरली, कोंडूची मांडी धरली. तो माझ्याकडे बघून खुदकन हसला.

"अक्का," मी सुई खाली ठेवली, "दुसऱ्या सिस्टरला बोलवा. मला नाही जमायचं."