पौषातला चुना

पौषात कोणी भिंतींना चुना देतं का? दिवाळी होऊन गेलेली, घरात कार्य नाही, आणि मुलुंडच्या त्या चाळीत वसुधा दार लोटून आतल्या खोलीची भिंत उलथन्याने खरवडत होती. तिची नणंद नीला बादलीत चुना कालवत होती. दोघींनी तोंडाला पदर बांधलेले.

वसुधाचा नवरा, श्यामकांत, उद्या घरी येणार होता. चाळीला सांगून ठेवलं होतं, हपिसाने नागपूरला धाडलंय. कसलं नागपूर! माणूस वर्षभर क्षयाच्या दवाखान्यात होता. आता बरा झाला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं: ज्या खोलीत खोकत पडायचा, तिथला जुना चुना पार खरवडून टाका आणि ती धूळ कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका. चाळीला कळलं तर संपलंच. चाळीच्या मागच्या बाजूला एका बिऱ्हाडात क्षय निघाला तेव्हा लोकांनी त्यांना नळावरसुद्धा येऊ दिलं नव्हतं. शेवटी बिचारे गाशा गुंडाळून गेले. वसुधाला तर जायला दुसरी जागाच नव्हती.

तेवढ्यात दार ढकलून शेजारची जानकी आत आली. मालवणकडची, मोकळ्या मनाची बाई. कडेवर रांगता नंदू.

"काय गो, पौषात चुनो?"

 तोंडाला येईल ते वसुधाने सांगून टाकलं. "नीलाचं ठरलंय. माघात उडवून द्यायचं म्हणतोय."

नीलाचा हात बादलीत तसाच राहिला. जानकीचा चेहरा मात्र असा फुलला, की वसुधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि माका सांगूक नाय? लग्नघर दोघींच्याने कधी आवरायचं? आण ते उलथनं इकडे." पदर खोचत तिने नंदूला खाली सोडलं.

खाली खरवडलेल्या चुन्याचा थर पडला होता. पोरगं हरखलं. त्याने दोन्ही मुठी भरून घेतल्या.

गप्प बस, वसुधाने स्वतःला बजावलं. हे बरे झालेत. एका मुठीने काय होतंय? काही होत नाही. आणि नंदूने मूठ तोंडाकडे नेली.

"उचल त्याला!" तिचा आवाज फाटला. "जानकी, आधी उचल. लग्नबिग्न काही नाही. ह्यांना क्षय झाला होता. याच खोलीत होते."

जानकीने झडप घालून पोराला उचललं. त्याच्या मुठी उकलून ती पदराने घासघासून पुसू लागली.  मग हळूच म्हणाली, "मी पाण्याला जाताना रोज ह्याला तुझ्यापाशी ठेवते. निजवतेस कुठे गो?"

वसुधाची नजर खोलीच्या कोपऱ्याकडे गेली. निजवत होती ती इथेच. पुढच्या खोलीत माणसांची ये-जा, इथे शांत असतं म्हणून. काही होत नाही, असं रोज मनाला समजावून.

जानकी काय समजायचं ते समजली आणि निघून गेली. तिचं दार लागलं.

"वहिनी, ती आता सगळ्यांना सांगणार," नीला म्हणाली. "दादाला चाळीत पाऊल ठेवू देतील का?"

वसुधाने तिला हाताने गप्प केलं. भिंतीपलीकडे जानकी पोराला न्हाऊ घालत होती आणि ते जीव खाऊन रडत होतं. रडता रडता ते खोकतंय का, हे वसुधा कान देऊन ऐकत होती.