अहोकाका

"बाई, परत एकदा. कॅमेऱ्याकडे बघा आणि जरा हसा."

बाई कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. दाढ दुखत असल्यासारख्या.

"नमस्कार मुलांनो," त्या म्हणाल्या, "आज आपण अपूर्णांकांचा भागाकार..." आणि थांबल्या. घसा साफ केला. पुन्हा "नमस्कार मुलांनो" म्हणाल्या आणि पुन्हा तिथेच अडकल्या. कॅमेरावाल्याने उसासा सोडून बटण दाबलं.

खोली होती शिक्षक प्रशिक्षण केंद्रातली, एके काळी तिथे अडगळ ठेवत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टांगल्या होत्या आणि पंखा बंद होता, कारण तो फिरताना कण्हत असे. आत भट्टी पेटली होती. ज्या शाळांना गणिताला शिक्षकच नव्हता, अशा लांबलांबच्या शाळांना सरकारने टॅब दिले होते. त्या टॅबवर मुलांना दिसणारे धडे इथे तयार होत होते. गणितासाठी बाईंना निवडलं, त्यात कुणालाच नवल वाटलं नाही. साठ पोरांचा वर्ग नुसत्या भुवईवर चालवणारी बाई! पण समोर पोरं नाहीत म्हटल्यावर त्यांची वाचाच बसली. मागच्या आठवड्यात हाच प्रकार झाला होता. आज जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल, असं प्रकल्पाच्या मॅडमनी अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

बाई ताडकन उठल्या आणि दार उघडून बाहेर आल्या.

पायरीवर त्यांचा नवरा बसला होता. तो बसचा ड्रायव्हर. सुट्टी होती म्हणून बाईंना स्कूटरवर घेऊन आला होता आणि आता सावलीत बसून पाय लांब करून पेंगत होता.

"अहो, जरा आत या."

"मी? कशाला?"

"बसायला."

"बसलोच आहे की इथे."

"माझ्यासमोर बसा. मला शिकवायला माणूस लागतो. त्या काळ्या भोकाला काय डोंबल शिकवू?"

ड्रायव्हरने कॅमेऱ्याच्या खाली स्टूल टाकलं आणि हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखा बसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि कुलूप उघडावं तसा त्यांचा आवाज उघडला. खडू चालू लागला. अर्धा भागिले पाव. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, भागाकाराच्या जागी गुणाकार करायचा, उत्तर आलं दोन. कॅमेरावाल्याने कोपऱ्यात बसलेल्या मॅडमकडे बघून मान डोलावली. गाडी रुळावर आली होती.

"थांब थांब," ड्रायव्हर म्हणाला.

कॅमेरावाल्याने कपाळाला हात लावला.

"अहो, मध्ये बोलू नका!"

"नाही, पण मला समजलं नाही. अर्ध्याला भागलं ना आपण? मग कमी व्हायला पाहिजे. दोन कसे झाले? वाढलं कसं? आणि तो दुसरा आकडा उलटा कशासाठी करायचा? त्यानं काय घोडं मारलंय?"

बाईंनी रागाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वर्गात कितीतरी वर्षं हे गणित शिकवताना पोरं मुकाट्याने आकडा उलटा करत आली होती. का करायचा, हे कुणी विचारलं नव्हतं.

"बरोबर विचारलंत," त्या म्हणाल्या. टेबलावर पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली होती. "ही बाटली अर्धा लिटर. हा पेला पाव लिटरचा. बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायचंय. किती पेले भरतील?"

"दोन."

"मग मी तुम्हाला वेगळं काय विचारलं होतं?"

ड्रायव्हर बाटलीकडे बघत राहिला. पेल्याकडे बघितलं. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की कॅमेरावालाही कॅमेरा सोडून त्याच्याकडे पाहू लागला.

"म्हणजे वाटणी नाही करायची! यात ते किती वेळा मावतं, एवढंच विचारायचंय! हात् तिच्या! एवढंच होतं होय?"

"एवढंच होतं. आणि अहो, एका लिटरमध्ये असे पेले किती?"

"चार."

"तो चार वर आला. म्हणून आकडा उलटा. आता अर्ध्या लिटरमध्ये त्याच्या निम्मे."

"दोन! घ्या! आलं की बरोबर!" ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली.

कॅमेरावाल्याने विचारलं, "मॅडम, यांचा आवाज कापून टाकू ना?"

"एक शब्द कापलास तर बघ," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून ड्रायव्हरची सुट्टी आणि बाईंचं रेकॉर्डिंग एकाच दिवशी येऊ लागलं. तो पडद्यावर कधी दिसत नसे, फक्त ऐकू येई. धडा रंगात आला की स्टुलाकडून आवाज येणारच, "थांब, मला समजलं नाही." बाई वैतागत, "अहो, आत्ताच सांगितलं ना!" म्हणत, आणि पुन्हा नव्याने सांगत. लांबच्या शाळांतल्या मुलांना त्याचं नाव कसं कळणार? बाई ज्या नावाने हाक मारतात तेच त्याचं नाव, असा त्यांनी सरळ हिशोब केला. 'अहो'. आणि वयाने मोठा, म्हणून पुढे काका. बघता बघता तो शाळाशाळांतून अहोकाका झाला.

डेपोमध्ये ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार? कुणाचा तरी भाचा कुठल्याशा शाळेत होता. त्याच्या टॅबवरचा धडा फिरत फिरत डेपोच्या कॅन्टीनमध्ये आला.

"काय मास्तर, आज कोणत्या विषयात नापास?" कंडक्टरने विचारलं. तो ड्रायव्हरचा जुना जोडीदार. एका बसवर दोघांची उभी हयात गेली होती.

"सगळ्याच," ड्रायव्हर हसत म्हणाला. पहिले काही दिवस तोही हसला. पण एके दिवशी बस भर रस्त्यात उभी असताना मागून एका उतारूने शेजाऱ्याला विचारलं, "हाच ना तो, ज्याला पोरांचं गणितपण येत नाही? गाडी तरी धड येते का बघा." सगळी बस हसली. सवयीने कंडक्टरसुद्धा हसला आणि मग ओशाळून तिकिटं फाडायला लागला.

त्या संध्याकाळी ड्रायव्हर घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "यापुढे तू एकटी जा. तुला जमतं आता."

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "कुणी काही बोललं का?"

त्याने तोंड पुसलं. मग टॉवेलची घडी घालत म्हणाला, "सहावीत मला मास्तरांनी फळ्यापाशी बोलावलं होतं. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, अकलेचा कांदा आहेस म्हणून. अख्खा वर्ग हसला. त्यानंतर मी शाळेत कधीच काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी शाळाच सुटली. आज बसमध्ये लोक हसले ना, तेव्हा एकदम चड्डी घालून फळ्यापाशी उभा असल्यासारखं वाटलं बघ."

इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. उठून त्यांनी चहा टाकला आणि दोघांनी तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच प्यायला.

पुढचा धडा बाईंनी एकटीने केला. कुठे अडखळल्या नाहीत, कुठे चुकल्या नाहीत. ऋण संख्यांचा गुणाकार. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. "छान झालं," कॅमेरावाला म्हणाला. पण सामान आवरताना त्याने ते रिकामं स्टूल हळूच भिंतीकडे सरकवलं, हे बाईंच्या लक्षात आलं.

काही दिवसांनी एका गुरुजींचा फोन आला. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे त्यांची शाळा होती आणि सगळ्या वर्गांना मिळून ते एकटेच होते. "बाई, माफ करा, पण पोरं ऐकेनात," ते म्हणाले. "म्हणतात, आमचा निरोप पोचवा. रेकॉर्ड करून पाठवतोय."

रात्रीच्या जेवणाआधी बाईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला. आधी नुसता गोंगाट आला. "अहोकाका आजारी आहेत का?" "ते रुसले का?" "बाई त्यांना जास्त ओरडल्या का?" यावर ड्रायव्हरला हसू आलं. मग कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं आणि एका मुलीचा बारीक आवाज आला.

"काका, ऋण आणि ऋण मिळून धन कसं होतं, ते आम्हाला पण नाही समजलं. आम्हाला विचारायची लाज वाटते. तुम्ही विचारा ना."

ड्रायव्हरने बोट पुढे करून ते पुन्हा लावलं. मग पुन्हा एकदा. बाई ताटं घेत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं.

"काय गं," तो शेवटी म्हणाला, "आता कधी आहे तुझं ते रेकॉर्डिंग?"

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याने स्वतःच टेबलावर फोन ठेवला आणि सगळ्यांना ती मुलगी ऐकवली. चहाचा कप खाली ठेवून कंडक्टर म्हणाला, "ते ऋण आणि ऋणाचं मलाही कधी समजलं नव्हतं रे. नीट विचारून ये. उत्तर घेतल्याशिवाय उठू नको."

रेकॉर्डिंगच्या खोलीत स्टूल पुन्हा कॅमेऱ्याखाली आलं. या वेळी ड्रायव्हरने बाईंना धडा सुरूही करू दिला नाही.

"आधी मला सांग, ऋण गुणिले ऋण धन का? दोन वाइटांचं मिळून एक चांगलं कसं होईल? माझ्या डेपोत तर असं कधी झालेलं नाही."

कॅमेऱ्यामागे कॅमेरावाला तोंड दाबून हसत होता.

"अहो, असं समजा," बाई म्हणाल्या, "तुमची बस रिव्हर्समध्ये चाललीय. मिनिटाला दहा पावलं मागे. म्हणजे वेग ऋण. आत्ता ती बरोबर दारासमोर आहे. तर दोन मिनिटांपूर्वी, म्हणजे वेळही ऋण, ती कुठे होती?"

ड्रायव्हरचे हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे झाले. त्याने खांद्यावरून मागे पाहिलं. मग समोर. "मागे मागे येत दारापाशी आली... म्हणजे आधी पुढे असणार. दाराच्या पुढे! वीस पावलं पुढे!"

"पुढे म्हणजे?"

"धन! अगं, धनच की! पोरांनो, ऐकलंत का? पुढेच होती गाडी!" तो कॅमेऱ्याकडे तोंड करून ओरडला आणि इतक्या जोराने उठला की स्टूल आडवं झालं. धड्यात त्याचा अर्धा खांदा आणि एक कान दिसतो. मॅडमनी तोही कापू दिला नाही.

वर्ष संपता संपता त्या गुरुजींनी दोघांना शाळेत बोलावलं. डांबरी रस्ता संपल्यावर स्कूटर ढकलत नेऊन दोघं पोचले तेव्हा अंगणात सगळी शाळा उभी होती. मुलांनी बाईंना एका क्षणात ओळखलं. त्यांच्याभोवती गराडा पडला. कुणी पदर धरला, कुणी चष्मा खरा आहे का ते बघितलं. मागे स्कूटर स्टँडवर लावणाऱ्या धुळीने माखलेल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"बाई, अहोकाका नाही आले?" एकाने हिरमुसून विचारलं.

ड्रायव्हरने हेल्मेट काढलं. "थांब," तो म्हणाला, "मला समजलं नाही. कोण नाही आलं?"

एकच गलका उठला. "आवाज! तोच आवाज!" पोरं त्याच्यावर तुटून पडली. एकाने त्याचा कान नीट निरखून पाहिला आणि खात्री पटल्यासारखी मान हलवली. गुरुजी "अरे हळू, हळू" म्हणत मागेमागे धावत होते आणि स्वतःच हसत होते. बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि धूळ फार आहे, असं म्हणाल्या.

दुपारी वर्ग भरला. टॅब आज बंदच होते. बाई खऱ्याखुऱ्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हर हट्टाने शेवटच्या बाकावर जाऊन बसला. गुडघे बाकात मावेनात म्हणून ते त्याने बाजूला काढले. शेजारच्या मुलाने सरकून त्याला जागा दिली.

बाई भागाकार शिकवत होत्या. "आणि एक लक्षात ठेवा, शून्याने कधी भागता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळल्या.

ड्रायव्हरने हात वर करायला सुरुवात केली.

तेवढ्यात पुढच्या बाकांमधून एक बारीक आवाज आला. फोनमधलाच तो, पण आता जरा मोठा. वेणी पुढे घेतलेली एक मुलगी उभी राहिली होती.

"बाई, थांबा. का नाही भागता येत? मला समजलं नाही."

कुणी हसलं नाही. सगळा वर्ग बाईंकडे बघत होता. उत्तर सगळ्यांनाच हवं होतं. बाईंनी डस्टर उचललं आणि फळा पुसायला घेतला.

ड्रायव्हरने हात हळूच खाली घेतला, बाकावर ठेवला आणि नीट ऐकू यावं म्हणून तो थोडा पुढे वाकून बसला.