शालीवरची मधमाशी

वेलांटीकाकांच्या हातून चमच्यातलं साखरपाणी पुन्हा सांडलं, तशी खिडकीच्या काचेवर आतून टकटक झाली. बंद काचेपलीकडे काकू उभ्या होत्या. आवाज येत नव्हता, पण ओठ कळत होते. "अहो, हात स्थिर धरा!"

"हात माझं ऐकत असता तर आणखी काय हवं होतं," काका पुटपुटले.

सगळा जन्म छापखान्यात ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात गेला आणि वाकून वाकून पाठीला बाक आला, म्हणून तिथल्या मंडळींनी त्यांचं नाव वेलांटी ठेवलं होतं. मधमाश्यांना ते पूर्वी भीत नसत. पण मागच्या वर्षी बागेत काकूंना एक चावली. बघता बघता चेहरा सुजला, घसा आवळला, दवाखान्यात पोहोचेपर्यंत ओठ निळे पडले. "पुढच्या वेळी एवढाही वेळ मिळेल असं नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि जवळ ठेवायला एक इंजेक्शन दिलं. ते कसं टोचायचं हे काका रोज वाचत आणि रोज विसरत. पंख्याची घरघर ऐकली तरी ते उठून खिडक्या तपासत.

काकूंचं मात्र भलतंच. रात्री गार वारा सुटला होता आणि सकाळी फुलांवर, फरशीवर मधमाश्या आखडून पडल्या होत्या. "मी बाहेर जायचं नाही ना? मग तुम्ही जा," काकूंनी फर्मावलं. "बिचाऱ्यांना डोळ्यांदेखत मरू द्यायचं का?"

म्हणून काका कागदाचा जाड तुकडा हळूच एकेकीच्या पायाखाली सरकवत होते, तिला उन्हातल्या फुलावर नेऊन ठेवत होते आणि तोंडापुढे साखरपाण्याचा थेंब सोडत होते. मध द्यायचा नाही, परक्या पोळ्याचा रोग लागतो, हेही काकूंनीच बजावलं होतं.

"काका, दवाखाना काढलात की काय?" कुंपणापलीकडून शेजारचा सुतार ओरडला. "आमच्या मेव्हण्यालाही पाजा दोन थेंब! सकाळपासून लोळत पडलाय."

काका कसनुसं हसले. साखरपाणी संपलं होतं. अंग नीट झटकून ते स्वयंपाकघरात आले, दार लावून घेतलं आणि वाटीत साखर विरघळवू लागले. खिडकीच्या खोलीतून काकूंचा दबका आवाज आला.

"अहो... मेली माझ्या शालीवर आहे."

काकांच्या काळजात चर्र झालं, आणि लगेच सुटकाही वाटली. माझ्या स्वेटरला चिकटून आली असणार. पण मेलीय ना.

"असू दे. येतो, उचलतो."

"लवकर या. पण हळू या."

वाईट वाटलं असेल तिला, असं मनाशी म्हणत काकांनी वाटीची कड पुसलीसुद्धा. मग वाटी-चमचा घेऊनच खोलीत गेले, वाटी टेबलावर ठेवली आणि काकूंच्या खांद्यावरची माशी चिमटीत धरायला दोन बोटं पुढे केली.

माशीनं मिशा हलवल्या.

काकांचा हात तिथेच थिजला. काकूंच्या तोंडी गळका नळ मेला, शेजारची मांजर मेली, लाडकी भाचीसुद्धा मेलीच. इतकी वर्षं संसार करून, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेऊन, त्यांना आज बायकोचा एक शब्द लागला नव्हता.

माशी मानेकडे चालू लागली. काकांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं.

"मारू नका," काकू ओठ न हलवता म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "दाबली तर चावेल."

काकांनी वर्तमानपत्र ठेवलं. चमचा साखरपाण्यात बुडवला आणि उजवं मनगट डाव्या हातानं आवळून धरलं. तरी चमचा थरथरत होताच. तो त्यांनी शालीच्या काठाला टेकवला. तिथून मान बोटभरही लांब नव्हती, आणि मानेवरची शीर उडताना दिसत होती.

"श्वास घे गं," काका म्हणाले.

"तुम्ही घ्या आधी."

माशी थबकली. मग तिनं बारीक जीभ बाहेर काढली आणि पिऊ लागली. किती वेळ पीत होती देव जाणे. शेवटी एक पाय चमच्यावर आला, मग दुसरा. काका तिला तशीच घेऊन मागे मागे सरकत दारापर्यंत गेले, कोपरानं कडी काढून बाहेर पडले आणि पाठीनं दार लोटून घेतलं. चमचा त्यांनी अलगद फुलात ठेवला.

माशी उडाली की नाही हे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी स्वेटर काढला, उलटा केला, झटकला. मग शर्टही काढला. गार वाऱ्यात बनियनवर उभे राहून ते खिडकीकडे पाठ करून गोल फिरू लागले. सुतार हातातला रंधा तसाच धरून बघत राहिला.

काचेपलीकडून काकूंनी मान हलवली. काही नाही. या आत.

"नीट बघ!" काका ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "बगलेत बघ, केसांत बघ!"

काकूंनी पुन्हा हातानं बोलावलं. काका पुन्हा एकदा गोल फिरले.